अकरा लाखांचं कोटेशन आणि केशरी भिंत

पत्र: "काका, मी बडोद्यात दांडिया बाजारला राहतो. वय ३१. आठ वर्षं लग्नाचे व्हिडिओ एडिट करतोय. गेल्या वर्षी दोन गुजराती वेब सिरीजचं आणि एका मराठी लघुपटाचं ग्रेडिंग, म्हणजे चित्रणाचे रंग-उजेड बसवायचं काम, केलं, तेव्हापासून डोक्यात एकच आहे: स्वतःचा कलर ग्रेडिंग सुइट. वाड्यात माडीवर दहा बाय बाराची खोली आहे, एसी आहे. एका व्हेंडरने ११ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलंय. बाबांच्या निवृत्तीच्या पैशातली ६ लाखांची एफडी आईच्या नावावर आहे, ती मोडायला आई तयार आहे. बाकीचं कर्ज काढीन. सध्या माझ्याकडे तीन वर्षांचा जुना पीसी आहे, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. एवढा खर्च करू का, की कमीत भागेल? दुसरं, क्लायंट म्हणतात माझ्या कामात चेहरे केशरी येतात. मला तर इथे नीट दिसतात. त्यांचे फोन खराब असतील का? तिसरं, भिंतींना करडा रंग द्यायचा म्हटलं तर आई म्हणते, घरात सुतकी रंग नको, देव्हारा त्याच खोलीत आहे. खोलीचे फोटो आणि कोटेशन जोडलंय. — रंगात बुडालेला"

काका म्हटलंस, तेव्हा सरळ अरे-तुरेवरच येतो. मी रावपुऱ्यात वाढलो, मग बावीस वर्षं मुंबईत याच धंद्यात डोळे शिजवले, म्हणून तुझ्या माडीचे फोटो जरा जास्तच वेळ बघत बसलो. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच फोटोत आहे. फोन ठीक आहेत रे. भिंत बघ.

मॉनिटरच्या मागची अख्खी भिंत केशरी, वर पिवळा बल्ब. डोळा मोठा चलाख असतो. समोर सतत केशरी असलं की तो ते मनातल्या मनात वजा करायला लागतो. मग पडद्यावरचा साधा चेहराही तुला किंचित निळसर, गारठल्यासारखा वाटतो. तू सॉफ्टवेअरमधलं रंगाचं चक्र उबेकडे, म्हणजे केशरीकडे, ढकलतोस आणि चेहरा 'नीट' होतो. क्लायंट तोच व्हिडिओ आपल्या पांढऱ्या भिंतींच्या घरात बघतो आणि त्याला नवरदेवाच्या जागी गाजर दिसतं.

हा घोळ आजचा नाही. पॅरिसच्या, चित्रगालिचे विणणाऱ्या गोबलँ कारखान्यात शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचं खातं सांभाळायचा. विणकरांची तक्रार यायची की काळा धागा फिका पडतो, रंगात खोट आहे. त्याने तपासलं, तर रंग उत्तम होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा तसा दिसत होता. १८३९ साली त्याने यावर मोठा ग्रंथच लिहिला. आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर विचार, एकच करडा चौकोन केशरी आणि निळ्या कागदावर चिकटवायचा धडा त्यांनी गिरवलेला असतो. तूही आज करून बघ, दहा रुपयांचा घोटीव कागद लागेल.

मंगळ बाजारात आई साडी घेताना काय करते? दुकानातल्या दिव्याखाली पसंत पडलेली साडीसुद्धा ती पदर धरून दाराशी घेऊन येते, उजेडात बघते आणि मगच पैसे काढते. तुला आधी ते दार विकत घ्यायचंय. ११ लाख ४० हजारांच्या कोटेशनमध्ये ते कुठेच नाही.

कोटेशन मी पेन्सिल घेऊन वाचलं. कॉम्प्युटर ४ लाख २० हजार. रंग फिरवायचं कंट्रोल पॅनेल २ लाख ३५ हजार. ५५ इंची टीव्ही १ लाख १० हजार. स्पीकर सव्वा लाख. आणि फॉल्स सीलिंग, रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या, सोफा मिळून अडीच लाख. ग्रेडिंगच्या खोलीत रंग बदलणाऱ्या पट्ट्या! स्वयंपाकघरात अत्तराची बाटली उपडी करण्यातला प्रकार. कॅलिब्रेशनचा, म्हणजे पडद्याचे रंग मोजून सुधारायचा, प्रोब नाही, व्हिडिओ आउटपुटचं कार्ड नाही, यूपीएस नाही, बॅकअपची एकही डिस्क नाही. त्या माणसाने तुला बसायची खोली विकायला काढली आहे, बघायची नव्हे. माझा हिशेब वेगळा आहे: तुझा जुना पीसी तसाच ठेवून अडीच लाखांच्या आसपास तू सुरू करू शकतोस. खाली जे भाव देतोय ते अंदाजाचे धर. डॉलर हलतो, दुकानदार त्याहून हलतो.

सुरुवात खोलीपासून. मॉनिटरमागची भिंत आणि दोन्ही बाजूच्या, म्हणजे काम करताना तुझ्या नजरेत येणाऱ्या भिंती, मॅट करड्या कर. इथे एक खबरदारी. रंगाच्या दुकानात शेडकार्डवरचे बहुतेक 'ग्रे' निळसर, जांभळट नाहीतर मातकट असतात. मशीनवर पांढऱ्या बेसमध्ये तीन-चार रंगद्रव्यं पडतात, त्यातून ती झाक येते. तू काउंटरवर उभा राहा आणि पांढऱ्यात फक्त काळं टाकायला सांग. दुकानदार वेड्यात काढेल, काढू दे. घरी आणून भिंतीवर वहीच्या पानाएवढा पट्टा मार आणि पूर्ण वाळू दे, कारण ओला रंग वेगळा दिसतो. मग फोटोग्राफरचं १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड दुपारच्या उजेडात त्याला टेकवून धर. कार्डापेक्षा पट्टा उजळ असला तर चालेल, पण त्यात निळी किंवा गुलाबी झाक दिसली तर डबा परत. रंग आणि मजुरी धरून दहा हजारांच्या आसपास जातील.

खिडकी पश्चिमेची आहे, म्हणजे दुपारी तीननंतर खोलीत ऊन नाचणार. जाड ब्लॅकआउट पडदे लाव, सात-आठ हजार. दिवा मॉनिटरच्या मागे, भिंतीवर प्रकाश पडेल असा हवा. पांढऱ्याचा रंग डी-६५, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा ठरीव पांढरा, साधारण ६५०० केल्विन. पण घरगुती एलईडीच्या खोक्यावरही ६५०० छापलेलं असतं, त्याला भुलू नकोस. सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९५ किंवा वर आहे का ते बघ. साध्या एलईडी बल्बचा सीआरआय ८०च्या घरात असतो, आणि त्याच्या उजेडात माणसाची त्वचा मेलेली दिसते. मागच्या भिंतीवरचा उजेड मॉनिटरच्या पांढऱ्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास पुरे. टेबल-खुर्ची धरून खोली ४५ हजारांत उरकायला हवी. खुर्चीत कंजूषपणा करू नकोस, माझी कंबर साक्षीला आहे.

आता मॉनिटर. सगळ्यात जास्त पैसे इथेच घाल. नावाजलेल्या स्टुडिओंत जे रेफरन्स मॉनिटर असतात, सोनीच्या बीव्हीएम मालिकेतले वगैरे, ते वीस लाखांच्या पुढे जातात. ते तुझं दुकान नाही. तुला २७ इंची, हार्डवेअर कॅलिब्रेशन होणारा मॉनिटर हवा: बेनक्यूची एसडब्ल्यू मालिका किंवा ईझोची कलरएज. ७० हजारांपासून दीड लाखापर्यंत मिळतील, आपण एक लाख धरू. हार्डवेअर कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती मॉनिटरच्या पोटात साठते, कॉम्प्युटरच्या भरवशावर राहत नाही.

तुझे मित्र सांगतील, एलजीचा ४२ इंची ओलेड घे, काळा रंग बघ काय खोल येतो. खोल येतो, खरं आहे. पण टीव्ही हा शेवटी टीव्ही. फ्रेम थांबवून ठेवली की पॅनेल वाचवायला तो हळूच उजेड कमी करतो, आणि ग्रेडिंग करणारा माणूस तर दिवसभर फ्रेम थांबवूनच बसलेला असतो. तुला वाटतं सीन अंधारा झाला, तू उजेड वाढवतोस, टीव्ही आणखी दबतो. सर्व्हिस मेनूत जाऊन हे बंद करणारे लोक आहेत, पण वॉरंटीची हमी तेव्हा तू स्वतः. क्लायंटला सोफ्यावरून दाखवायला टीव्ही पुढच्या वर्षी घे. आणि तुझं कोटेशन जुन्या जीएसटीने तर केलेलं नाही ना ते बघ, २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा दर २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

मॉनिटरबरोबर प्रोब, म्हणजे पडद्याला चिकटवून रंग मोजायचं यंत्र. कॅलिब्राइटचे प्रोब तीसेक हजारांना पडतात. मॉनिटर अर्धा तास तापू दे, मग मोज: पांढरा डी-६५, उजेड १०० निट्स, अंधाऱ्या खोलीसाठी गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो त्याचा आकडा) २.४, रंगांचं क्षेत्र रेक ७०९, म्हणजे एचडी व्हिडिओचं प्रमाण. महिन्यातून एकदा पुन्हा. मोजून पडताळायला डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि रिझॉल्व्ह, म्हणजे ग्रेडिंगचं सॉफ्टवेअर, स्वतः त्याला नमुन्याच्या पट्ट्या दाखवतं.

तिसरी वस्तू कोणाच्याच नजरेत येत नाही: व्हिडिओ आउटपुट कार्ड. ग्राफिक्स कार्डातून मॉनिटरला जोडलंस तर मध्ये विंडोज बसतं आणि रंगात नाक खुपसतं. ब्लॅकमॅजिकचं डेकलिंक मिनी मॉनिटर पीसीत बसवलंस की रिझॉल्व्हचं चित्र सरळ, कोणाचा हात न लागता बाहेर येतं. वीसेक हजार. जोडताना एक गोष्ट तपास, रिझॉल्व्हमध्ये आणि मॉनिटरवर 'व्हिडिओ लेव्हल' की 'फुल लेव्हल' हे दोन्हीकडे एकच हवं. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं राहिलं तर काळा एकतर चिखल होतो नाहीतर राखेसारखा दिसतो, आणि माणूस दोन दिवस स्वतःच्या ग्रेडला शिव्या देत बसतो.

हे सगळं इतकं ठासून का सांगतोय, तर मी भोगलंय. मुंबईतली माझी पहिली खोली भाड्याची, भिंती पिस्त्याच्या रंगाच्या. घरमालक रंग बदलू देईना, आणि मलाही वाटलं, भिंतीचं काय एवढं. एका फिल्ममधला हळदीचा सीन मी चार दिवस घासला. हिरव्या भिंतींपुढे मला चेहरे गुलाबी वाटायचे, म्हणून मी थोडा थोडा हिरवा ओतत गेलो. थिएटरात ट्रायल लागली. मोठ्या पडद्यावर हळद लागलेली नवरी उगवली आणि मागच्या रांगेतून दिग्दर्शकाची आई अगदी काळजीने म्हणाली, "हिला कावीळ झालीये का गं?" ते काम पुन्हा केलं, पदरच्या पैशांनी. भिंतीच्या रंगाचा डबा तेव्हा सातशे रुपयांना मिळत होता.

कॉम्प्युटर आत्ता बदलू नकोस. ८ जीबीच्या कार्डावर एचडी आणि साधं यूएचडी, म्हणजे ४के, चालतं, रेंडर कॅश आणि प्रॉक्सी (हलक्या कॉप्या) वापर, थोडा चहा जास्त पी. काम वाढलं की १२ किंवा १६ जीबीचं कार्ड घालून दीड-पावणेदोन लाखांत नवा पीसी बांधता येईल. ४ लाख २० हजारांचं मशीन तुझ्या चुकीच्या रंगाला फक्त वेगाने रेंडर करेल.

सॉफ्टवेअरचं सुख तुझ्या पिढीला फुकटात मिळालंय. दा विंची ही यंत्रणा एके काळी लाखो डॉलरची असायची आणि आम्ही तिच्या खोलीत चपला काढून जायचो. २००९मध्ये ब्लॅकमॅजिकने ती कंपनी घेतली आणि २०११पासून दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आली. फुकट आवृत्तीतून यूएचडीपर्यंत आउटपुट निघतं, लग्नाच्या आणि वेबच्या कामाला तेवढं पुरतं. नॉइज रिडक्शन आणि मोठं आउटपुट लागेल तेव्हा स्टुडिओ आवृत्ती घे. २९५ डॉलर, एकदाच. कंट्रोल पॅनेल तर मुळीच नको. माऊसने वर्षभर काम कर, मग तीन ट्रॅकबॉलचं छोटं मायक्रो पॅनेल घेताना हात कुठे अडतो ते तुलाच कळेल.

डिस्कवर मात्र खर्च कर. प्रोरेस ४२२ एचक्यू या फॉरमॅटमधलं, सेकंदाला २५ फ्रेमचं एचडी तासाला सुमारे ८३ जीबी खातं आणि यूएचडी ३३२ जीबी. दोन तासांचा यूएचडी सिनेमा म्हणजे साडेसहाशे जीबीच्या वर. काम चालू असताना वेगवान एनव्हीएमई एसएसडी, आणि साठवणीला दोन मोठ्या हार्ड डिस्क, दोन्हींवर तोच माल, एक वाड्यात आणि एक दुसऱ्याच्या घरी. ४५ हजार. यूपीएस दहा हजार. पावसाळ्यात दांडिया बाजारात वीज कशी लुकलुकते ते मी तुला काय सांगणार.

बेरीज कर: खोली ४५, मॉनिटर १००, प्रोब ३०, कार्ड २०, डिस्क ४५, यूपीएस १०. अडीच लाख.

आता कर्जाचं. एफडी मोडून उरलेले ५ लाख ४० हजार १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलेस तर महिन्याला १२ हजारांचा हप्ता. चातुर्मासात लग्नं थांबतात, तुझा धंदा आषाढीपासून कार्तिकीपर्यंत अर्ध्यावर येतो, हप्ता मात्र उपास पाळत नाही. दुसऱ्या बाजूने बघ. सामान चार वर्षं टिकेल आणि वर्षाकाठी पैसे देणारे ८० दिवस मिळतील असं धरलं, तर अडीच लाखांच्या सुइटचा बोजा दिवसाला ७८० रुपये पडतो, ११ लाख ४० हजारांच्या सुइटचा ३,५६०. तुझा दिवसाचा दर ठरवताना हा आकडा आधी वजा कर, मग वीज-एसी, मग तुझी मजुरी. तीन नियमित क्लायंट झाले आणि त्यांचं काम जुन्या पीसीमुळे अडायला लागलं, की मग दुसऱ्या टप्प्याचा विचार. आईची एफडी तोवर पूर्ण मोडायची गरज नाही. बँकेत विचार, एफडीवर कर्ज सहसा विनातारण कर्जापेक्षा स्वस्त पडतं.

थिएटरला जाणारा सिनेमा मिळाला तर? घे, पण त्यासाठी प्रोजेक्टर विकत घेऊ नकोस. थिएटरचं गणितच निराळं: पडद्यावर पांढरा ४८ निट्स, गॅमा २.६, रंगांचं क्षेत्र पी-३. नव्वद टक्के काम माडीवर कर, निर्मात्याच्या बजेटमध्ये मुंबईच्या डीआय थिएटरचे, म्हणजे मोठ्या पडद्यावर ग्रेडिंग करायच्या जागेचे, दोन दिवस आधीच लिहून घे, रात्रीची गाडी पकड. डीसीपी, म्हणजे थिएटरात चालणारी सिनेमाची डिजिटल प्रत, डीसीपी-ओ-मॅटिक या सॉफ्टवेअरने घरीच बनते, फुकट. बडोद्यातच चाचणी करायची तर एखाद्या मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरशी बोलून सकाळच्या पहिल्या शोआधी पंधरा मिनिटं माग.

तू पत्रात ताजाकलम टाकलायस की काही क्लायंट 'फिकट' म्हणतात. तो आजार वेगळा. मॅकवर क्विकटाइममध्ये बघणाऱ्यांना रेक ७०९ची फाइल मूळपेक्षा उजळ दिसते. रिझॉल्व्हमध्ये त्यासाठी रेक ७०९-ए असा पर्याय आहे, तसल्या क्लायंटची कॉपी त्यातून काढ. नवरात्रातल्या गरब्याचे निळे-जांभळे एलईडी फुटतात तेही तुझ्या हातचं पाप नाही, ते निळं रेक ७०९च्या बाहेरचं असतं. गॅमट मॅपिंग, म्हणजे बाहेरचे रंग आत आणायची सोय, लाव आणि स्कोपवर, म्हणजे रंग-उजेडाच्या आलेखावर, नजर ठेव. एखाद्या रविवारी लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या फतेहसिंग म्युझियममध्ये जाऊन रविवर्म्याच्या चित्रांतल्या बायकांचे हात-गळे नीट बघ. तासभर फक्त त्वचा. तिकीट कुठल्याही ट्युटोरियलपेक्षा स्वस्त आहे.

राहिला देव्हारा. फोटोत तो तुझ्या पाठीमागच्या भिंतीला आहे, म्हणजे काम करताना तुझ्या नजरेत येत नाही. ती भिंत आईची. तिला हवा तो रंग राहू दे, फक्त समईचा आणि पितळेचा उजेड मॉनिटरच्या काचेत पडतो, म्हणून त्या भिंतीसमोर छताला रूळ ठोकून करडा जाड पडदा सोड. काम सुरू झालं की ओढायचा, संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी सरकवायचा. बाकीच्या तीन भिंतींना सुतकी म्हणाली, तर तिला मंगळ बाजारातल्या साडीची आणि दाराची आठवण करून दे. आणि हे सगळं सांगताना तो पिवळा बल्ब आधी काढ.